सपाट पडदा आणि टकटक

मित्रांनो, या खोलीत शिरलात की उजव्या हाताला, हात धुवायच्या बेसिनच्या वर, भिंतीला पाठ टेकून बसलेला काळ्या चौकटीचा पडदा दिसेल. त्याच्या एका कोपऱ्यावर ओरखडा आहे आणि खालचं एक बटण चिकटपट्टीने जागेवर बसवलेलं आहे. तोच मी. इथले लोक मला मॉनिटर म्हणतात, पण फळ्यावर पोरांची नावं लिहिणाऱ्या तुमच्या वर्गातल्या मॉनिटरशी माझं काही नातं नाही. मी कधी कुणाची चहाडी केलेली नाही. आज मात्र एक गोष्ट सांगणार आहे, कारण ती मनात ठेवून ठेवून माझं पोट दुखायला लागलंय.

ही खोली एका मोठ्या रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. इथे पेशंट येत नाहीत, डॉक्टर शिकायला येतात. मधल्या टेबलावर एक रबरी पाठ पालथी पडलेली असते. डोकं नाही, हातपाय नाहीत, नुसती पाठ. म्हणून सगळे तिला 'पाठमोरे' म्हणतात, आणि तेही अगदी अहोजाहो करून. पाठमोऱ्यांच्या आत खऱ्यासारखे मणके आहेत, दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी आहे आणि तिला लागून जाणारी पिवळी नस आहे. या नसेला जरा जोरात धक्का लागला की टेबलाखालचा बझर असा कोकलतो की नवख्या डॉक्टरच्या हातातलं अवजार गळून पडतं.

खऱ्या माणसाची ही गादी सरकून नसेवर बसली की पायात कळा येतात, पाय बधिर होतो, कधी कधी ऐकेनासाच होतो. मग दुर्बिणीचं ऑपरेशन करतात. पाठीला करंगळी जाईल एवढंसं भोक पाडायचं, त्यातून नळीसारखी दुर्बीण आत घालायची आणि बारीक चिमट्याने सरकलेला तुकडा काढून घ्यायचा. दुर्बिणीच्या टोकाला दिवा असतो, कॅमेरा असतो. आतलं सगळं माझ्यावर दिसतं. डॉक्टर पाठीकडे बघतच नाहीत, हात खाली आणि नजर माझ्याकडे. म्हणून तर मी इतके चेहरे जवळून पाहिलेत. घाबरलेले, घामाघूम झालेले, जीभ दातांत धरलेले.

माझ्यात एक उणीव आहे, ती आधीच सांगून टाकतो. मी सपाट आहे. वर काय, खाली काय, डावीकडे काय, ते मी चोख दाखवतो. पण पुढे काय आणि मागे काय, ते मला दाखवता येत नाही. तुम्ही एक करून बघा. दोन हातांत दोन पेन्सिली आडव्या धरा, एक डोळा मिटा आणि टोकाला टोक टेकवा. हुकलं ना? आता दोन्ही डोळे उघडून करा, चटकन जमेल. दोन डोळे दोन जागांवरून बघतात, म्हणून आपल्याला अंतर कळतं. मी म्हणजे एक डोळा मिटलेला गडी.

पण कारखान्यातून इथे आलो तेव्हा माझा काय तोरा होता, विचारू नका! आमच्या विभागाचे मोठे सर तेव्हा मोठे नव्हते. त्यांचे केस काळे होते आणि बझर वाजला की ते स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत. ते माझ्यासमोर शिकले. सपाट चित्रातून खोली ओळखणं म्हणजे नुसत्या पावलांच्या ठशांवरून माणूस शोधणं. चिमट्याची सावली कुठे पडते ते बघायचं. टोक बारीक होत गेलं की ते आत चाललंय असं समजायचं. दुर्बीण किंचित हलवली की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. नाकी नऊ येत सगळ्यांच्या. पण माझ्यासमोर शिकून कितीतरी जण खालच्या मजल्यावर खऱ्या ऑपरेशनला गेले. मोठ्या सिस्टर, म्हणजे या खोलीच्या मालकीणच म्हणा ना, रोज मऊ फडक्याने माझं तोंड पुसत आणि म्हणत, "चला म्हातारबा, शाळा भरली." मला ते फार आवडे.

मग टकटक आली. हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, कमी बोलणारी, आणि अवजार हातात घेतलं की जगाचा विसर पडणारी ही मुलगी. चिमटा आत गेला की ती आधी त्याचं टोक हाडावर अलगद टेकवी. टक. मग जरा बाजूला. टक. हाड लागलं की तिला ठाव लागे, मग ती पुढे जाई.

"अगं, दार वाजवतेस का?" मोठे सर एकदा म्हणाले. "पाठमोरे काही उघडायला येणार नाहीत!"

सगळे हसले आणि तेव्हापासून तिचं नाव टकटक पडलं. तिच्याबरोबर दोघं शिकत होते. एक बाण, त्याचा हात सुटला की थेट नेमावर. आणि दुसरा डुलकी. रात्रपाळ्या करून करून तो उभ्याउभ्या झोपायचा, पण पोरगा मनाचा चांगला होता. बाण टकटकला सारखा चिडवी. "तुझा पेशंट भूल उतरून घरी जाईल, तरी तुझं दार वाजवणं चालूच असेल!" ती नुसती हसे. बझर मात्र तिचाच सगळ्यांत कमी वाजे.

आणि एके दिवशी खोक्यातून तो नवा आला. थ्रीडी पडदा! त्याची दुर्बीणही नवी होती, टोकाला शेजारीशेजारी दोन कॅमेरे, आपल्या दोन डोळ्यांसारखे. एक वायर डाव्या डोळ्याच्या चित्राची, एक उजव्या. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर सगळं दुहेरी, पुसट. पण काळा चष्मा लावला की चित्र खोल होई. मणका पुढे येई, नस मागे जाई. डुलकी तर चष्मा लावून हवेत हात फिरवायला लागला. "अरे, हे तर माझ्या मांडीवर आलंय!"

मला जागेवरून काढलं आणि या बेसिनच्या वर बसवलं. नव्या पडद्यासमोर अगदी मधोमध एकच जण बसू शकतो, तेव्हा बाकीच्यांनी माझ्यावर सपाट चित्र बघायचं, एवढंच काम उरलं. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? नव्याचे नऊ दिवस, असं मी मनाशी म्हणत होतो. पण मित्रांनो, खरं ते खरं. बहुतेकांचे हात त्याच्यासमोर जास्त सरळ चालत होते. बझर कमी वाजत होता. बाण तर हां हां म्हणता नस मोकळी करी. मी मुकाट्याने मान्य केलं.

फक्त टकटकचं काहीतरी बिनसलं होतं. ती चष्मा लावून बसली की कपाळाला आठ्या पडत. बझर वाजे, पुन्हा वाजे. मी बाजूला बसलेलो, त्यामुळे जे कुणालाच दिसत नव्हतं ते मला दिसलं. चष्म्याच्या काळ्या काचेआड ती एक डोळा घट्ट मिटून घेत होती. तसं केलं की तिचा हात पुन्हा पहिल्यासारखा चाले. टक. टक.

खोलीत कोणी नसताना तिने आईला फोन लावला. "आई, मी लहान असताना माझ्या तिरळ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं ना, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते?"

फोनमधून आईचा आवाज आला. "डोळा सरळ झाला म्हणाले. पण दोन डोळे एकत्र बघणार नाहीत, पाळीपाळीने बघतील म्हणाले. तुझं काही अडलं नाही बाई कधी त्यावाचून. का गं?"

"काही नाही. सहज."

सहज कसलं! तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणजे नव्या पडद्यावर तिला खोली कधी दिसलीच नव्हती. एकदा या डोळ्याचं चित्र, एकदा त्या डोळ्याचं, आणि डोळा बदलला की चित्र उडी मारी. म्हणून तर ती एक डोळा मिटायला शिकली होती. आणि मोठ्या सरांनी आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, "आता खालच्या ऑपरेशन थिएटरात फक्त थ्रीडी. एकच जागा आहे. ज्याला हे जमत नाही त्याने दुसरा विभाग बघावा." वर्षानुवर्षं ज्या एका कामासाठी ती झटली, ते काम या एका वाक्यावर टांगलेलं होतं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. मला वाईट वाटलं, पण मी काय करणार? मला तोंड असून नसल्यासारखं.

परीक्षेचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी बाहेरगावचे डॉक्टर आले होते, म्हणून नवा पडदा ट्रॉलीसकट खाली सभागृहात नेला होता. सकाळी तो परत आला तेव्हा वायरी सुट्याच होत्या आणि तंत्रज्ञ तापाने घरी झोपला होता. मोठे सर घाईत होते. "त्यात काय एवढं!" म्हणत ते स्वतःच पडद्याच्या मागे गेले. वाचायचा चष्मा खिशातच राहिला होता. "डावी वायर डावीकडे, उजवी उजवीकडे," ते पुटपुटले आणि वायरी खोचून हात झटकत बाहेर आले. मी ऐकलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्हाला तरी वाटलं का?

ठरलं होतं ते असं. दुपारी परीक्षा होईल. जो जिंकेल, तो दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या देखरेखीखाली खऱ्या माणसाच्या पाठीत दुर्बीण घालेल. आणि हीच ट्रॉली, हाच पडदा, आहे तस्सा खाली जाईल.

तो खरा माणूस आमच्या दाराशीच आला, वाट चुकून. एक पाय फरशीवर घासत चालत होता. "एक्स-रे कुठे काढतात हो?" टकटक दारात उभी होती. तिने त्याच्या हातातला कागद बघून जिना दाखवला आणि मग तिच्या लक्षात आलं की उद्याचा पेशंट हाच.

"असं होय! म्हणजे उद्या तुम्हीच का?" तो म्हणाला.

"अजून ठरायचंय."

"मी शाळेची बस चालवतो, बाई. क्लच दाबायला जातो आणि पाय माझं ऐकतच नाही. मागे पोरं बसलेली असतात. म्हणून बस सोडली आणि इथे आलो." मग टेबलावरच्या पाठमोऱ्यांकडे बघून तो डोळे मिचकावत म्हणाला, "हा भाऊ वाचला का? बरं, कोणीही करा, पण दोन्ही डोळे उघडे ठेवून करा म्हणजे झालं!"

स्वतःच्याच विनोदावर हसत तो निघून गेला. टकटकने दाराची कड धरली होती, ती तिने बराच वेळ सोडली नाही.

परीक्षा सुरू झाली. पहिला बाण. चष्मा लावून तो ऐटीत बसला. मोठे सर माझ्याशेजारी उभे राहून माझ्यावरचं चित्र बघत होते. बाणाचं टोक आत आलं, आणि अडखळलं. मी बाणाला अडखळताना कधी पाहिलं नव्हतं. त्याने मान झटकली, चष्मा नीट केला. चिमटा मागे घेतला, दचकला, पुढे ढकलला.

बझर कोकलला.

"काय रे हे?" सर म्हणाले.

"सर, काहीतरी... आज हात परका वाटतोय."

"हात परका? पुन्हा कर!"

पुन्हा बझर. मग डुलकी बसला. त्याचंही तेच. मागे घेतलं, गोंधळला, पुढे गेला, बझर. "सर, डोकं गरगरतंय," तो म्हणाला, आणि सरांचा पारा चढला.

"हात चांगला आहे म्हणून डोक्यात हवा गेलीय तुमच्या! बाण, तू काही दिवस दुर्बिणीला हात लावू नकोस. कळलं?" बाणाने चष्मा टेबलावर ठेवला आणि खाली मान घालून बाहेर गेला. सगळ्यांना चिडवणारा तो पोरगा जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला, ते मला उघड्या दारातून दिसत होतं.

टकटक खुर्चीवर बसली. काचेआड डोळा मिटला. टक. जरा बाजूला. टक. चिमटा नसेच्या अंगाला न लागता गादीच्या तुकड्यापाशी पोहोचला, तुकडा पकडला आणि अलगद बाहेर आणला. पिवळी नस मोकळी होऊन माझ्या चित्रात हलली. बझर गप्प.

मोठे सर टाळ्या वाजवत आले. "शाब्बास! याला म्हणतात खोलीची जाण. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

तिच्या चेहऱ्यावर आनंद आला, आणि आला तसा लगेच गेला. सगळे पांगले. ती मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मोठ्या सिस्टर अवजारं पुसत होत्या.

"सिस्टर, बाणाचं मघाचं चित्रण परत दाखवता का? या म्हातारबावर."

"जिंकलीस ना बाई? आता जा, जेव काहीतरी."

"दाखवा ना."

सिस्टरनी लावलं. ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. मग डुलकीचं. तिचं बोट माझ्या काचेवर टेकलं. "हे बघा. चिमटा नसेच्या जवळ आला, आणि त्याने तो बरोबर मागे घेतला. मागे घेतल्यावर मात्र तो घाबरला. जणू काही चिमटा आणखी आत गेला! मग तो पुढे ढकलतो. डुलकीचंही तस्संच. दोघं एकाच जागी, एकच चूक कशी करतील?"

"मग काय म्हणणं आहे तुझं?"

तिने अंबाड्यातली पेन्सिल ओढून काढली, केस मोकळे सुटले तरी तिला भान नव्हतं. दुर्बिणीचं टोक तिने समोरच्या भिंतीकडे वळवलं आणि मध्ये पेन्सिल धरली. "सिस्टर, चष्मा लावा. सांगा, पेन्सिल पुढे दिसते की भिंत?"

सिस्टरनी चष्मा लावला. "पेन्सिलच पुढे दिसणार की, भिंत कशी... अगं बाई! भिंत पुढे आली आणि पेन्सिल मागे गेली! हे कसलं आक्रीत?"

मित्रांनो, तुम्हाला आत्तापर्यंत कळलं असेल. पडद्याच्या मागे जाऊन उभं राहिलं की पडद्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. सरांनी डाव्या डोळ्याचं चित्र उजव्या डोळ्याला दिलं होतं आणि उजव्याचं डाव्याला. सगळी खोली उलटी झाली होती. जवळचं लांब, लांबचं जवळ. ज्यांचे दोन्ही डोळे धड होते, ते फसले. एकटी टकटक फसली नाही, कारण तिच्या वाट्याला एकाच डोळ्याचं चित्र होतं.

टकटक पडद्याच्या मागे गेली. दोन्ही वायरी तिने हातात धरल्या. एक काढून तिकडे, दुसरी काढून इकडे, झालं. उद्या बसवाल्याच्या पाठीत सगळं सरळ दिसेल, आणि तिची जागाही राहील. मला तिचे हात दिसत होते. ते खाचांपाशीच थांबले.

सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "बदलून टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची. सर विचारतील ना, की सगळे फसले मग तू कशी नाही फसलीस? काय सांगशील?" सिस्टरना केव्हाच सगळं उमगलं होतं. इतकी वर्षं त्यांनीही चेहरेच पाहिले होते.

"बाण तिथे जिन्यावर बसलाय, सिस्टर."

"बसू दे. चार दिवसांनी उठेल."

"आणि उद्या सर मला म्हणतील, 'दिसतंय ना, नस मागे आहे?' मी मान हलवीन. मला दिसत नसताना हलवीन. त्या माणसाने मला काय सांगितलं माहितेय? दोन्ही डोळे उघडे ठेवून करा." ती तिथेच, वायरींच्या गुंत्याशेजारी, खाली बसली आणि रडली. मी इतकी वर्षं या खोलीत आहे, पण इतकं असहाय मला कधी वाटलं नाही. माझ्याकडे चित्र होतं, पण शब्द नव्हता.

मग तिने डोळे पुसले आणि वायरी होत्या तशाच ठेवून सरांना फोन केला.

सर आले. बाण आणि डुलकीलाही तिने हाक मारून आत घेतलं. "सर, चष्मा लावून बघा," ती म्हणाली आणि पेन्सिल धरली. सरांनी बघितलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. ते पडद्याच्या मागे गेले, खिशातला वाचायचा चष्मा नाकावर चढवला आणि वाकून खाचांजवळची बारीक अक्षरं वाचली. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"या वायरी मी लावल्या होत्या," ते म्हणाले. "सकाळी. माझ्या हातांनी." मग बाणाकडे वळले. "तुझा हात परका नव्हता रे. मीच तुला उलटं जग दाखवलं. माझे शब्द मी मागे घेतो."

आणि मग तो प्रश्न आलाच. "पण टकटक, तू कशी नाही चुकलीस?"

"मला खोली दिसतच नाही, सर. लहानपणापासून. नव्या पडद्यासमोर मी एक डोळा मिटून बसते." ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. "मी हे लपवलं. जागा जाईल म्हणून लपवलं."

सरांनी नाकावरचा चष्मा काढून खिशात ठेवला.

"उद्या दुर्बीण तुझ्या हातात देता येणार नाही," सर म्हणाले.

"माहीत आहे."

"पुढचंही मला आत्ता सांगता येत नाही."

"तेही माहीत आहे, सर."

सर दारापर्यंत गेले आणि थांबले. "तो बसवाला डोळे तपासून घेतल्याशिवाय बसवर चढत नाही. आणि मी तुम्हा पोरांना माणसाच्या पाठीत उतरवायला निघालो होतो, डोळ्यांची चौकशीसुद्धा न करता. उलट धमकी देऊन बसलो, की ज्याला जमत नाही त्याने जावं. मग कोण कशाला तोंड उघडेल?" त्यांनी मान हलवली. "चूक दोघांची आहे. माझी मोठी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरी सरळ करून, पेन्सिल समोर धरून, तिघांकडून खात्री करून घेऊन मगच तो नवा खाली गेला. बसवाल्याचं ऑपरेशन सरांनी स्वतः केलं. बाण मदतीला होता. इकडे टकटक माझ्यासमोर बसून होती. अवजाराला तिने हात लावला नाही, पाठमोऱ्यांकडे बघितलं नाही. नुसती बसली होती. दुपारी डुलकी पळत आला. "बसवाल्याच्या पायाचा अंगठा हलतोय! वर, खाली!" तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. ती हसली, आणि मग तिला पुन्हा रडू आलं.

नंतरचे दिवस सोपे नव्हते. ही गोष्ट सांगायला सोपी, जगायला अवघड. सगळ्या शिकाऊ डॉक्टरांचे डोळे तपासले गेले. टकटकचा कागद पाहून कोणी म्हणालं, हिने गोळ्या लिहून द्याव्यात, कशाला हा हट्ट? सर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "जुन्या पडद्यावर कर. उघडपणे कर. मी बघतो." तिने केलं. एक रबरी मणका झिजला की दुसरा. मी दिवसभर तापायचो. बाण तिच्याशेजारी बसून बघायचा, आणि एकदा त्याने स्वतःहून विचारलं, "ते टकटक मला शिकवशील का गं? उद्या त्या नव्याने पुन्हा दगा दिला तर?" पुढे दुसऱ्या गावचे परीक्षक आले. त्यांनी तिला सगळं माहीत असताना तपासलं, सपाट चित्रावर, दिवसभर. बझर गप्प राहिला.

मित्रांनो, नव्या पडद्यावर माझा राग नाही. तो खोटं बोलत नव्हता, त्याला कोणीतरी उलटं बोलायला लावलं होतं. आता आमची चांगली जोडी जमलीय. ज्याचे दोन्ही डोळे मिळून बघतात, तो त्याच्यासमोर बसतो. ट्रॉलीला दोरीने एक पेन्सिल बांधलेली आहे, आणि ती पुढे दिसते की मागे, ते सांगितल्याशिवाय कोणी सुरुवात करत नाही. मला अडगळीत टाकायचं ठरलं होतं, ते राहून गेलं. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, तर ती फेकण्याआधी एवढं विचारा, की हिच्यावाचून कुणाचं अडेल का? आणि तुम्हाला फळ्यावरचं दिसत नसेल, तर शेजारच्याच्या वहीत बघून मान डोलवू नका. 'दिसत नाही' म्हणायला फार धीर लागतो. मी तो समोरून पाहिलाय.

शेवटचं सांगतो. गेल्या आठवड्यात सिस्टरनी मला भिंतीवरून उतरवलं, तोंड पुसलं आणि ट्रॉलीवर बसवून खाली नेलं. थिएटरात खरी पाठ होती. एका शिक्षिकेची, जिला आदल्या दिवशी टकटकने स्वतः जाऊन आपल्या डोळ्यांबद्दल सगळं सांगितलं होतं. शिक्षिकेने थोडा विचार केला आणि म्हणाली, "खरं सांगितलंत, आता तुम्हीच करा." टकटक माझ्यासमोर उभी राहिली. चष्मा नाही, दोन्ही डोळे उघडे. मोठे सर तिच्या खांद्यामागे होते. नस चित्रात आली तेव्हा त्यांनी सवयीने विचारलं, "नस मागे आहे. दिसतंय ना?"

"दिसत नाही, सर," ती म्हणाली. "पण कळतंय."

"मग चालू दे."

तिने चिमट्याचं टोक हाडावर अलगद टेकवलं. टक. जरा बाजूला. टक. आणि ती पुढे गेली.